फॉर्म भरून येतात, पण आकडे पटत नाहीत: सर्वेक्षणातला दोष शोधायचा कुठे?

चारशे घरं झाली. टॅबलेटमधला डेटा एक्सेलमध्ये उतरवला आणि पहिल्याच तक्त्यात दिसतं की गावातले निम्मे म्हातारे ६० किंवा ६५ वर्षांचे आहेत, दहातल्या नऊ बायका 'काही काम करत नाहीत', शौचालय सगळेच वापरतात आणि कर्ज कुणाच्याही डोक्यावर नाही. यावर पहिला आरोप ठरलेला: पोरांनी पारावर बसून फॉर्म भरले. कधी कधी ते खरंही असतं. पण पुढच्या वर्षी नवी पोरं घेऊन तोच फॉर्म फिरवला आणि तसेच आकडे परत आले, तर खोट फॉर्ममध्ये आहे.

म्हणून कुणावर चिडण्याआधी एक काम करा. जो आकडा खटकतो तो चार तऱ्हांनी फोडून पाहा: सर्वेक्षकानुसार, तारखेनुसार, गावानुसार आणि उत्तर देणारी व्यक्ती कोण होती त्यानुसार. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. विचित्र उत्तर सगळ्या सर्वेक्षकांकडे सारख्याच प्रमाणात असेल तर प्रश्न चुकलाय. एकदोघांकडेच असेल तर माणूस किंवा त्याचं प्रशिक्षण. पहिल्या तीन दिवसांत आकडा ठीक आणि नंतर घसरत गेलेला असेल, तर फॉर्म लांब आहे आणि तो छोटा कसा करायचा हे सर्वेक्षकांना कळलंय. एकाच गावात बिघाड असेल तर तिथला शब्द वेगळा आहे किंवा घरं निवडताना गडबड झाली आहे. एका सर्वेक्षकाचे तीसेक फॉर्म तरी हवेत, नाहीतर फरक नुसता योगायोगाचा असू शकतो.

यात एक अडचण येते. प्रत्येकाला एकेक गाव वाटून दिलं असेल, तर फरक गावाचा की माणसाचा हे कधीच कळणार नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमधल्या तागाच्या सर्वेक्षणांत यावर उपाय काढला. नमुन्याचे स्वतंत्र उपनमुने पाडायचे, ते एकाच भागात एकमेकांत गुंफायचे आणि वेगवेगळ्या लोकांकडे द्यायचे. दोन उपनमुन्यांचे आकडे फार लांब गेले की गोळा करण्यात खोट आहे. आपल्यालाही हे जमतं: गावातल्या घरांच्या यादीतले सम क्रमांक एकाला, विषम दुसऱ्याला. प्रवासखर्च थोडा वाढतो, पण नंतरची भांडणं वाचतात.

वयं ० आणि ५ वर अडकलेली

आधी मोजून घ्या. २३ ते ६२ वयाची सगळी माणसं मोजा. त्यांतली ज्यांचं वय ० किंवा ५ वर संपतं ती वेगळी मोजा. त्या संख्येला ५ ने गुणा, एकूण संख्येने भागा, १०० ने गुणा. हा व्हिपल निर्देशांक. ६४० माणसांत अशी २२४ निघाली तर उत्तर १७५. वयं अजिबात गोल केलेली नसतील तर १०० येतो, सगळीच वयं गोल असतील तर ५००. १०५ च्या आत असेल तर उत्तम, १२५ पर्यंत चालवून घ्यावं, १७५ च्या पुढे वयोगटांचे तक्ते छापू नयेत.

कारण सरळ आहे. पन्नाशीच्या पुढच्या अनेकांना जन्मवर्ष ठाऊकच नसतं, आणि 'वय किती?' या प्रश्नाला सभ्य माणूस 'असेल साठ' असं उत्तर देतो. आधार कार्ड बघून लिहा, हा सल्ला अर्धाच कामाचा. कार्डावर १ जानेवारी दिसली तर ती बहुधा अंदाजाची नोंद असते. आणि महाराष्ट्रात १ जून ही तारीख तर गुरुजींची देणगी! शाळेत नाव घालताना बसवलेली. तारीख अशी बसवलेली असली तर सालही तपासूनच घ्यावं.

उपाय म्हणजे त्या भागाची घटनासूची. साताऱ्यात, पाटणकडे कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), पुण्यात पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३), आणि जवळपास सगळीकडे १९७२ चा दुष्काळ. विचारायचं असं: 'दुष्काळाच्या कामावर तुम्ही खडी फोडायला जायचा, की आईबरोबर नुसतेच जायचा?' 'भूकंप झाला तेव्हा थोरली पोटात होती की अंगावर पीत होती?' मग वर्ष काढायचं काम सर्वेक्षकाचं. सूचीत आठ-दहाच घटना ठेवा, त्यात दोन गावातल्या असू द्या: एसटी कधी आली, शाळेची इमारत कधी बांधली. वीस घटनांची सूची कुणी उघडत नाही.

वयाचा आणखी एक बिघाड आहे आणि तो गोल आकड्यांत दिसत नाही. १५ ते ४९ वयाच्या बाईसाठी वेगळा तासाभराचा फॉर्म असेल, तर तक्त्यात १४ आणि ५० वर्षांच्या बायका अचानक वाढतात, १५ आणि ४९ च्या कमी होतात. पाच वर्षांखालच्या मुलांचं तसंच, साडेचार वर्षांचं पोर हळूच सहाव्या वर्षात ढकललं जातं. अनेक देशांतल्या आरोग्य सर्वेक्षणांत हे आढळलेलं आहे. सर्वेक्षक काम वाचवतोय, इतकंच. कुटुंबाची यादी एका माणसाने करावी आणि लांब मुलाखत दुसऱ्याने घ्यावी. तेवढी माणसं नसतील तर पात्रतेची वयोमर्यादा सर्वेक्षकाला न सांगता ती टॅबलेटमध्येच ठेवा. दोन-चार दिवसांत त्याला कळेलच, पण पहिल्या आठवड्याचा डेटा तुलनेला हाताशी राहतो.

'घरीच असते'

'तुम्ही काही काम करता का?' या प्रश्नाला कापूस वेचून, दोन म्हशींची धार काढून आलेली बाई 'नाही, घरीच असते' म्हणते. ती खोटं बोलत नाही. मराठीत काम म्हणजे पगाराचं किंवा रोजाचं काम, घरच्या शेतातलं ते 'घरचं'.

काम हा शब्दच काढून टाका. यादी वाचा आणि प्रत्येकाला हो-नाही घ्या: गेल्या सात दिवसांत एक तास तरी खुरपणी, वेचणी, काढणी केली का? चारा आणणं, शेण काढणं, धार? दुकानात किंवा टपरीवर बसलात का? शिवण, पापड, शेवया विकायला? दुसऱ्याच्या रानात रोजाने? रोजगार हमीवर? 'सात दिवसांत किमान एक तास' हा निकष सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात साप्ताहिक स्थितीसाठी, म्हणजे गेल्या आठवड्यात कुणी काम केलं हे ठरवायला, वापरला जातो, त्यामुळे त्यांच्या आकड्यांशी तुलना करता येते. त्याच सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ आणि घरकामाबरोबर सरपण, चारा वगैरे फुकट गोळा करणाऱ्यांसाठी ९३ असे संकेतांक आहेत, तर घरच्या उद्योगात बिनपगारी राबणाऱ्यांसाठी २१. बाईंना ९२ मध्ये टाकायचं की २१ मध्ये, हे ठरवायला वरची यादी लागतेच.

यादी वाचताना क्रमाची एक चूक हमखास होते. 'हो' आलं की लगेच 'किती तास, किती पैसे, कुणाकडे' असे पोटप्रश्न सुरू होतात. दुसऱ्या 'हो'नंतर बाईला हिशेब कळतो, की प्रत्येक 'हो'मागे पाच प्रश्न आहेत. चुलीवर दूध ठेवलेलं असतं. पुढची सगळी उत्तरं 'नाही'. म्हणून आधी सगळी हो-नाही संपवा, मग मागे येऊन तपशील घ्या.

आणि उत्तर कोण देतंय ते नोंदवणारा रकाना नसेल तर तो आजच घाला. नवऱ्याने दिलेली उत्तरं आणि बाईने स्वतः दिलेली उत्तरं वेगळी काढून पाहा, फरक किती आहे ते डोळ्यांना दिसेल.

कर्ज नाही, शौचालय आहे, सगळं छान आहे

'कर्ज' म्हणजे बँकेचं नाहीतर सोसायटीचं. बचत गटाचे हप्ते, कृषी सेवा केंद्रातली खतांची उधारी, मुकादमाकडची उचल, सावकाराकडे ठेवलेलं मंगळसूत्र, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, यांतलं काहीच त्या शब्दात बसत नाही. पुन्हा यादीच करायची आणि प्रत्येक प्रकाराचं गावातलं नाव घ्यायचं. ते नाव कार्यालयात बसून सापडत नाही. गावातल्या आशाताई किंवा गटाच्या अध्यक्षबाई दहा मिनिटांत सांगतात.

शौचालयाचं दुखणं निराळं. इथे शब्द कळतो, पण खरं सांगायची लाज वाटते, शिवाय अनुदान घेतलेलं असतं. 'घरातले सगळे शौचालय वापरतात का?' याला 'हो'शिवाय उत्तरच नाही. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारा: 'आजोबा काल कुठे गेले होते? आणि सासूबाई?' एवढ्याने आकडा चांगलाच बदलतो. प्रश्नाच्या आधी एक वाक्य घाला: 'काही जण शौचालयात जातात, काही जणांना बाहेर बरं वाटतं.' दोन्ही उत्तरं चालतात, हे समोरच्याला कळलं पाहिजे.

मत विचारणाऱ्या प्रश्नांत सगळीकडे 'सहमत' येत असेल तर मोजपट्टी बघा. 'पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ, अंशतः असहमत' ही इंग्रजीवरून उचललेली पट्टी कागदावर शोभते, ओसरीवर नाही. 'अंशतः' म्हणजे काय हे चौथी शिकलेल्या माणसाने का सांगावं? दोन पायऱ्या करा. आधी 'पटतं की नाही पटत?' आणि मग 'थोडंसं की अगदी?' शक्यता विचारायची असेल (यंदा विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकेल का?) तर समोर शेंगदाण्याचे दहा दाणे ठेवा आणि जितकी खात्री तितके बाजूला काढायला सांगा. टक्के न कळणारा माणूसही सात दाणे विचार करून मोजतो.

मराठीचा एक सापळा भाषांतर करणाऱ्यांना दिसत नाही. 'तुम्हाला रेशन मिळत नाही का?' याला 'हो' आलं तर लिहायचं काय? 'हो, मिळतं' की 'हो, नाही मिळत'? दोन सर्वेक्षक दोन तऱ्हेने लिहितात आणि नंतर ते कुणालाच सोडवता येत नाही. नकारार्थी प्रश्न सरसकट काढा. त्याहून चिवट दोष 'ना' या एका अक्षराचा. फॉर्मवर असतं 'रेशन मिळतं का?' आणि दुपारी चारच्या उन्हात विचारलं जातं 'रेशन मिळतं ना?' समोरून मान डोलते. डेटात हे सापडत नाही, ऐकावंच लागतं. मुलाखत देणाऱ्याची परवानगी घेऊन मुलाखतीचं ध्वनिमुद्रण टॅबलेटवर घेता येतं, ती सोय ओडीके आणि सर्व्हेसीटीओ या टॅबलेटवर फॉर्म भरायच्या दोन्ही ॲपमध्ये आहे. प्रत्येक सर्वेक्षकाच्या दोन मुलाखती ऐकल्या तरी पुरे.

जोडप्रश्न ओळखायला 'आणि', 'व', 'किंवा' आणि तिरकी रेघ शोधा. 'पाणी व रस्त्यांबाबत समाधानी आहात का?' हे दोन प्रश्न आहेत.

खर्च, उत्पन्न, जमीन

एका घराचा किराणा महिन्याला ४०० आणि शेजारच्याचा ९,०००, असं दिसलं की आधी संदर्भकाळ तपासा. 'महिन्याला किती खर्च होतो?' या प्रश्नात कुठला महिना ते नाही. एकजण गेला महिना सांगतो, दुसरा नेहमीचा अंदाज, तिसरा दिवाळीचा महिना कारण तोच लक्षात राहिलाय.

या बाबतीत सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा अनुभव शिकण्यासारखा आहे. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाण्यापिण्याच्या खर्चासाठी सात दिवस आणि तीस दिवस असे दोन्ही काळ एकाच फॉर्मवर शेजारीशेजारी विचारले गेले. सात दिवसांचा आकडा सांगितल्यावर तीस दिवसांचा आकडा त्याच्याशी जुळवून दिला जाण्याचा धोका होता, आणि या खर्चाच्या आकड्यांवरून गरिबी खरंच किती कमी झाली यावर पुढे अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. आता भाजी, फळं, अंडी, मांस, तेल, मसाले यांसाठी सात दिवस, कपडे, शिक्षण, रुग्णालय, टिकाऊ वस्तूंसाठी ३६५ दिवस आणि बाकीसाठी ३० दिवस असा मेळ वापरतात. २०२२-२३ च्या फेरीत तर अन्न, इतर उपभोग्य वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू असे तीन वेगळे फॉर्म करून तीन वेगळ्या भेटी दिल्या गेल्या. आपल्याला तीन भेटी परवडत नाहीत, पण एका वस्तूला एकच काळ हे तरी पाळता येतं. सात दिवसांचा आकडा महिन्यावर नेताना ४ ने नव्हे, ३० भागिले ७ ने गुणा. चारने गुणलं तर सुमारे सात टक्के खर्च गायब होतो.

लांबच्या काळासाठी तारखा सांगू नका, सण सांगा. 'गेल्या १२ महिन्यांत' म्हटलं की दोन वर्षांपूर्वीचा बैलही त्यात येतो, कारण मोठा खर्च जवळचा वाटतो. 'गेल्या पोळ्यापासून आजपर्यंत' म्हटलं की कडा ठळक होते. शेतीचा हिशेब खरीप, रब्बी, उन्हाळी असा पिकाप्रमाणे घ्या.

जमिनीचे आकडे बिघडतात ते एककामुळे. ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये बोलतो, १०० आर म्हणजे एक हेक्टर, साधारण २.४७ एकर. अल्पभूधारकांच्या गावात कुणी ४० एकरवाला दिसला तर बहुधा ४० गुंठे एकराच्या रकान्यात पडलेत. उलट बाजूने, सातबाऱ्यावरचे ०.२० हेक्टर 'शून्य पूर्णांक वीस एकर' म्हणून येतात आणि अर्ध्या एकराचा मालक आठ गुंठ्यांवर येतो. दोन रकाने ठेवा: सांगितलेला आकडा आणि सांगितलेलं एकक. रूपांतर संगणकाला करू द्या. पोत्यांचंही तेच, 'तुमचं पोतं किती किलोचं?' हा प्रश्न जोडा. पायली-मणाचं माप गावागणिक बदलतं, तिथे मापच समोर मागवून धान्य तोलावं.

'माहीत नाही', 'सांगायचं नाही' आणि 'शून्य' यांना तीन वेगळे संकेतांक द्या. नकारात्मक आकडे (-८८, -९९) बरे, कारण ९९ लिहिलं तर एखाद्या आजीचं वय ९९ होऊन सरासरीत मिसळतं. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीकेमध्ये प्रत्येक आकड्याला मर्यादा घालता येते, पण ती फार घट्ट करू नका. टॅबलेट खरं उत्तर नाकारायला लागला की सर्वेक्षक चालणारं उत्तर शोधतो, आणि असा डेटा दिसायला सर्वांत स्वच्छ असतो.

घरं चुकली की बाकी सगळं फुकट

मुलाखतीला कुणाकडे गेलात, हा प्रश्न फॉर्मच्याही आधीचा. गावठाणातली घरं भरभर होतात. दोन किलोमीटरवरची वस्ती, तांडा, पाडा राहून जातो. तिथलेच लोक गरीब असतात, आणि अहवालात गाव सुखी दिसतं. घरांची यादी करताना वाडी-वस्तीनिहाय करा आणि नमुन्यात प्रत्येकीचा वाटा ठरवून द्या. घर म्हणजे इमारत नव्हे, चूल. एका दारामागे तीन चुली असतील तर तीन कुटुंबं.

कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरात जाण्याची परवानगी देऊ नका. बंद घर म्हणजे कामाला गेलेलं घर, आणि उघडं घर म्हणजे म्हातारी माणसं किंवा दुकानदार. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, त्यातली एक सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी. बीडकडे नोव्हेंबर ते मार्चमध्ये सर्वेक्षण ठेवलं तर ऊसतोडीला गेलेली घरं तीन काय, तेरा फेऱ्यांतही सापडणार नाहीत. तिथे महिनाच बदलायला हवा.

फोनवर सर्वेक्षण स्वस्त पडतं, पण २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच होता. बाकीच्यांचा फोन नवरा किंवा मुलगा उचलणार. वीस मिनिटांच्या आत संपणारं आणि आधी घरी जाऊन नंबर घेतलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा करणारं काम फोनवर करावं. बाकी नाही. व्हॉट्सॲपवर लिंक फिरवून आलेली दोन हजार उत्तरं ही दोन हजार उत्साही माणसांची उत्तरं. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या आणि त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले.

कागद अजून मेलेला नाही. दहा प्रश्न, शंभर घरं आणि एक आठवडा हाती असेल तर टॅबलेटचा फॉर्म बनवण्यात वेळ घालवू नका. पण उड्या असलेला फॉर्म ('नाही असल्यास प्रश्न २७ वर जा') कागदावर देऊ नका, पानं उलटताना उड्या हुकतातच.

पुढच्या फेरीआधी

प्रश्नावली तयार झाली की आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तराऐवजी विचारा: 'मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.' यात जे प्रश्न पडतात ते पुन्हा लिहा. मग वीस-पंचवीस घरांची चाचणी, नमुन्यात नसलेल्या गावात. घड्याळ लावा. पंचेचाळीस मिनिटांच्या पुढे गेलं तर प्रश्न कापा. कुठले कापायचे हे कळत नसेल तर अहवालातले तक्ते आधी रिकामे आखून बघा, ज्या प्रश्नाला तक्ता नाही तो गेला.

काम सुरू झाल्यावर दहातल्या एका घरी दुसऱ्या माणसाने परत जावं आणि न बदलणारे सात-आठ प्रश्नच विचारावेत: चुली किती, माणसं किती, छप्पर कशाचं, सर्वेक्षक आला होता का आणि किती वेळ बसला. हे पहिल्या तीन दिवसांतच करा. शेवटच्या दिवशी केलेल्या फेरतपासणीत चूक सापडली, तर त्या गावात परत जायला गाडीचे पैसे उरलेले नसतात.